कोरियातला कचरा आणि आपलं खरकटं: नागपूरहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही साडेचार वर्षं सोलमध्ये राहिलो आणि दोन वर्षांपूर्वी परत नागपुरात, प्रतापनगरात आलो. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी कोरियाला निघतं आणि कोणीतरी त्याला माझा नंबर देतं. निघण्याआधीचे प्रश्न थंडीचे असतात, तांदळाचे असतात, तुरीची डाळ मिळते का याचे असतात. तिथं उतरून पंधरा दिवस झाले की जो फोन येतो तो मात्र हमखास कचऱ्याचा, आणि आवाज रडवेला. तेच तेच सांगून थकले म्हणून इथं एकदाच लिहून ठेवते. नियम सोलचे आहेत. तिथंही प्रत्येक 'गू'चे, म्हणजे वॉर्डाचे, बारीकसारीक फरक असतात, तेव्हा तुमच्या गूच्या पत्रकाशी ताडून घ्या.

प्रश्न: काकू, ओला-सुका तर आपणही करतो. मग त्यात एवढं शिकायचं काय?

मीही असंच म्हणत गेले होते. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून आपल्याकडे हिरवा डबा आणि निळा डबा घरोघरी माहीत झाला. हिरव्यात काय जातं? जे ओलं आहे, जे सडतं, ते सगळं. अंड्याची टरफलं, चहाचा गाळ, कांद्याची सालं, कोंबडीची हाडं, देवाची फुलं. आता ऐका: या यादीतली एकही वस्तू कोरियात अन्नाच्या कचऱ्यात जात नाही. एकही नाही. सगळं साध्या कचऱ्यात.

कारण तिथं 'हे सडेल का' असा प्रश्नच नाही. 'हे जनावर खाईल का' असा आहे. गोळा केलेल्या अन्नाचा मोठा भाग वाळवून पशुखाद्य करतात, काहीचं खत होतं, काहीचा गॅस. जनावराच्या घशात अडकेल, पोटात टोचेल, पचणार नाही, ते बाजूला काढायचं.

मला हे कळायला तीन महिने लागले, आणि कळलं तेव्हा स्वतःचंच हसू आलं. माझ्या आजीचं घर नागपूरच्या महाल भागात होतं आणि दारात रोज सकाळी एक गाय येऊन उभी राहायची. आजी भाजी निवडतानाच दोन ढीग करायची, एक गाईचा आणि एक उकिरड्याचा. टरबुजाची सालं, केळाची सालं, वटाण्याची टरफलं, पत्ताकोबीची वरची पानं, रात्रीची उरलेली पोळी गाईला. आंब्याची कोय, लसणाची फोलं, नारळाची करवंटी उकिरड्यावर. आजीला कोरियाच्या महापालिकेत मुलाखतीशिवाय नोकरी मिळाली असती. म्हणून मी सगळ्यांना सांगते, तक्ता पाठ करू नका. दारात गाय उभी आहे असं समजा. शंभरातल्या ऐंशी वेळा उत्तर बरोबर येतं.

प्रश्न: आणि उरलेल्या वीस वेळा?

तिथं गाय फसवते. भुट्ट्याची पानं आणि दांडा गाय मिटक्या मारत खाते, कोरियात दोन्ही साध्या कचऱ्यात. मिरचीची देठं आणि बिया साध्या कचऱ्यात. कांदा-लसणाची कोरडी सालं आणि कांद्याच्या पातीची मुळं, तीही तिकडेच. सांबाराची पानं आणि कोवळ्या काड्या अन्नात चालतात, मुळं मातीसकट कापून वेगळी. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.)

बाकी आपल्या स्वयंपाकघराचं बघू. वरण, भात, पोळी, भाजी, पोहे, उपमा, पिठाचे गोळे, आलूची आणि काकडीची सालं, वांग्याचं जळकं साल, सगळं अन्नात. टरबुजाचं साल जातं, पण हाताएवढ्या फोडी तशाच टाकायच्या नाहीत, बारीक चिरून टाकायच्या. आंब्याचं साल अन्नात, कोय नाही. जर्दाळू, पीच, खजूर यांच्या बियांचंही तेच. अननसाचं काटेरी साल नाही. शेंगदाण्याची, अक्रोडाची, पिस्त्याची टरफलं नाहीत. चहाची पत्ती आणि टी-बॅग नाही. शेवग्याच्या शेंगेचा चावून टाकलेला चोथा आणि भातातली दालचिनी-तेजपान मी नेहमी साध्या कचऱ्यात टाकलं. कोरियन तक्त्यात शेवगा सापडण्याची आशा ठेवू नका.

प्रश्न: संत्र्याच्या सालांचं काय? हा प्रश्न नागपूरकराला विचारावाच लागतो.

विचाराच, कारण तिथल्या हिवाळ्यात हाच कचरा सगळ्यात जास्त निघतो. जेजू बेटावरून 'ग्यूल' नावाची छोटी संत्री खोक्यांनी येतात. आपल्या संत्र्यासारखीच सैल सालीची, चुलत बहीण म्हणा, पण बिया नाहीत आणि आपल्या मृग बहाराच्या संत्र्याचा तो आंबटगोड झटकाही नाही. (हे मी तिथल्या शेजाऱ्यांना कधी बोलून दाखवलं नाही.) पाच किलोचं खोकं चौघांच्या घरात आठवडाभर पुरत नाही, आणि सालांचा डोंगर होतो.

साल अन्नाच्या कचऱ्यात जातं. पण ओलं साल वजनाला भारी आणि तिथं वजनाचे किंवा लिटरचे पैसे. त्यावर तोडगा घरातच आहे. कोरियन घरांची जमीन हिवाळ्यात खालून तापवलेली असते. वर्तमानपत्र पसरून सालं रात्रभर त्यावर ठेवायची, सकाळी पापडासारखी होतात. खोलीला वास संत्र्याचा, जमीन गरम. डोळे मिटले तर वाटावं डिसेंबरात गच्चीवर ऊन खात बसलोय. तिथले लोक अशी वाळवलेली सालं चहासारखी उकळून पितात. आमच्या शेजारच्या आजीबाई आमच्या घरची सालं हक्कानं मागून न्यायच्या. बाजारातून आणलेली फळं आधी नीट धुवा मात्र, वरून मेण किंवा औषध असू शकतं.

प्रश्न: आम्ही सावजीवाले. हाडांचं कसं?

हाडं साध्या कचऱ्यात. कोंबडी, बकरा, मासा, सगळ्यांची. खेकड्याची कवचं, झिंग्यांची टरफलं, शिंपल्या, तेही साध्यात. मांस मात्र अन्नात. म्हणजे हाड चोखून स्वच्छ करायचं, जे सावजी खाणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. अडचण एवढीच की आमची साधी पिशवी वीस लिटरची, ती भरायला आठवडा लागतो आणि तोवर हाडं घर डोक्यावर घेतात. हाडं एकदा उकळत्या पाण्यातून काढून, कोरडी करून, कागदात गुंडाळून टाकली तर बरंच निभावतं. किंवा रविवारी मटण आणि सोमवारी पिशवी बाहेर, असं वेळापत्रक लावा. आम्ही शेवटी तेच केलं.

प्रश्न: तर्री उरली तर? लोणचं, तेल?

तर्री तशीच ओतू नका. कोरियातल्या खतवाल्यांची आणि खाद्यवाल्यांची मुख्य तक्रार मीठ आणि तिखट हीच असते. त्यांचं स्वतःचं किमची लोणच्यापेक्षा कमी नाही, म्हणून उरलेलं किमची पाण्यानं खळबळून, पिळून टाकायला सांगतात. आपल्या लोणच्याला तोच नियम लावा: फोडी धुवा, निथळा, कडक कोयीचा तुकडा असेल तर वेगळा काढा. त्यांच्या मिरचीच्या आणि सोयाबीनच्या घट्ट पेस्टी कित्येक गूंमध्ये खारटपणामुळे सरळ साध्या कचऱ्यात टाकायला सांगतात. आपला ठेचा मी त्याच न्यायानं टाकत असे. तसा ठेचा उरायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

तेल सिंकमध्ये कधीही नाही. बऱ्याच इमारतींत वापरलेल्या तेलाचा वेगळा पिंप असतो. नसेल तर थोडं तेल जुन्या कागदात किंवा टिश्यूत मुरवून साध्या पिशवीत. दिवाळीत चकल्या-अनारसे तळल्यावर जे अर्धा लिटर काळं तेल उरतं ते मुरवायला अख्खं वर्तमानपत्र लागतं, तेव्हा कढई लहान घ्या.

प्रश्न: पिशव्या कुठून आणायच्या? दुकानातली कुठलीही काळी पिशवी चालते का?

नाही, आणि पहिली चूक सगळे हीच करतात. तिथं कचऱ्याचा कर पिशवीच्या किमतीतच असतो. 'जोंगन्यांगजे' म्हणजे जेवढा कचरा तेवढे पैसे, ही पद्धत १ जानेवारी १९९५ पासून देशभर आहे. पिशवी तुमच्या गूच्या नावाची लागते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात किंवा चोवीस तास उघड्या दुकानात गल्ल्यापाशी ठेवलेल्या असतात, मागाव्या लागतात. साध्या कचऱ्याची 'इल्बान', अन्नाची 'उमशिंगमुल'. दोन्हींचे रंग वेगळे, आणि ते रंगसुद्धा गूगणिक वेगळे, त्यामुळे मैत्रिणीनं सांगितलेल्या रंगावर जाऊ नका. आमच्या वेळी साधी वीस लिटरची सोलच्या बहुतेक भागांत ४९० वॉनला होती, म्हणजे साधारण तीस रुपये. अन्नाची पिशवी एक-दोन लिटरचीसुद्धा मिळते. छोटीच घ्या. मोठी स्वस्त पडते म्हणून आणली आणि ती भरेपर्यंत घरात काय काय जन्माला आलं ते सांगत नाही.

काही गूंमध्ये अन्नासाठी पिशवीऐवजी झाकणाची छोटी बादली असते आणि तिला विकत घेतलेलं तिकीट लावायचं. तुमच्या घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा.

प्रश्न: आमच्या इमारतीत म्हणे वजन करणारं मशीन आहे. ते कसं चालवायचं?

तुमचं नशीब चांगलं. मोठ्या संकुलांत खाली एक कपाटासारखं यंत्र असतं. घराच्या नावाचं कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, कचरा ओतायचा, झाकण मिटतं, पडद्यावर वजन आणि पैसे दिसतात, आणि ते पैसे महिन्याच्या देखभाल बिलात येतात. पिशवीसकट टाकायचं नाही. पिशवी किंवा डबा रिकामा करून प्लास्टिक शेजारच्या पिंपात. आमच्याकडे किलोला १३० वॉन पडायचे. रक्कम मामुली, पण वजन डोळ्यांसमोर आलं की माणूस सुधारतो. पहिल्या महिन्यात आमचं वजन समोरच्या चौकोनी कुटुंबाच्या दुप्पट होतं. घरात भांडण झालं, दोष निघाला माझ्या 'पाहुणे आले तर' म्हणून जास्त शिजवायच्या सवयीवर. पाहुणे आलेच नाहीत, कोरियात न सांगता कोणी येत नाही.

मुख्य युक्ती पाण्याची. या कचऱ्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सिंकच्या जाळीत बारीक जाळीची पिशवी बसवा, ती तिथं ढीगभर मिळते. रात्री निथळायला ठेवा, सकाळी पिळा. हात घाण होतो. होऊ द्या, साबण आहे.

प्रश्न: उन्हाळ्यात वास येत नाही?

येतो, आणि नागपूरकराला त्याचं आश्चर्य वाटतं. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत साल तासाभरात कडकडीत वाळतं, सडायला फुरसत मिळत नाही. सोलचा जुलै-ऑगस्ट तिशीतला पण घामट, पाऊस लागलेला. त्या दमटपणात सकाळचा भात संध्याकाळी बोलायला लागतो, आणि चिलटांची एक अख्खी पिढी रात्रीत तयार होते.

यावर तिथले लोक करतात ते ऐकून आमच्या सासूबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. (अतिशयोक्ती. एक दिवस.) त्या उन्हाळ्यात दोन महिने आमच्याकडे आल्या होत्या. आइस्क्रीम काढायला फ्रीजर उघडला आणि खालच्या कप्प्यात एक डबा दिसला. "काहून गं, फ्रीजमधी खरकटं ठेवून राहिली?" मी म्हटलं, हो, इथं पुष्कळ घरांत ठेवतात, गोठलं की वास येत नाही, मशीनशी नेईपर्यंत दगड होतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी देव्हाऱ्यात चपला ठेवल्यात.

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या घरात खरकटं हा शब्द घाणीपेक्षा मोठा आहे. शिजलेलं आणि न शिजलेलं, उष्टं आणि नुसतं उरलेलं, असे आपल्याकडे चार कप्पे आहेत, आणि एकाचा हात दुसऱ्याला लागलेला चालत नाही. कोरियन माणसाला त्यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त वास कळतो. फ्रीजरबद्दल तिथले आरोग्यवालेही कुरकुर करतातच: थंडीत जंतू मरत नाहीत, काही तर गोठूनही जगतात, आणि शेजारच्या मटाराच्या पाकिटाला लागतात. म्हणून ठेवायचंच तर घट्ट झाकणाचा वेगळा स्टीलचा डबा, वेगळा कप्पा, आणि दोन-तीन दिवसांच्या वर नाही. आमच्यात शेवटी तह झाला: न शिजलेली सालं आणि देठं फ्रीजरात, ताटातलं उष्टं त्याच रात्री खाली. सासूबाई स्वतः कार्ड घेऊन मशीनशी जायला लागल्या. वजन किती आलं ते रोज वर येऊन सांगायच्या.

प्रश्न: चुकलं तर पोलीस येतात का?

पोलीस नाही, स्टिकर येतो. आमच्या पहिल्या घराची गोष्ट. तिथं मशीन नव्हतं, पिशवी फाटकाबाहेर ठेवायची असायची. मी अन्नाच्या पिशवीत चहाचा गाळ आणि चार अंड्यांची टरफलं टाकली होती. सकाळी सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या, आमची एकटी उभी, पोटावर लाल कागद. कोरियन वाचता येत नव्हतं पण लाल रंग सगळ्या भाषांत वाचता येतो. शेजारच्या हाल्मोनी, म्हणजे त्याच संत्र्यावाल्या आजीबाई, बाहेर आल्या, पिशवी उघडली, एक टरफल दोन बोटांत धरून माझ्यापुढे नाचवलं आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. मग स्वतःच्या घरातून हातमोजे आणून माझ्याबरोबर खाली बसून निवडलं. लाजेनं मेल्यासारखं झालं, पण त्या दिवसानंतर चूक झाली नाही, आणि ओळखही झाली.

कायद्यात दहा लाख वॉनपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्या-त्या चुकीचा दंड त्यापेक्षा कमी असतो. साधी पिशवी न वापरता कुठेतरी कचरा टाकून देणं हे सगळ्यात वाईट समजतात, आणि कॅमेरे असतात. पिशवीत तुमच्या नावाचं पार्सलचं लेबल सापडलं तर पत्ता शोधायची गरजही पडत नाही. बाहेर ठेवायची वेळ बहुतेक भागांत संध्याकाळनंतर असते, आणि आठवड्यातला एखादा दिवस बंद असतो. चुसोक (शरदातला मोठा सण) आणि सोल्लाल (चांद्र नववर्ष) यांच्या सुट्ट्यांत उचलणं थांबतं, त्याचं वेळापत्रक लिफ्टमध्ये लागतं. ते वाचा.

प्रश्न: एवढा खटाटोप ते लोक का करतात?

हौस म्हणून नव्हे, नाकात दम आला म्हणून. सोलला हान नदीकाठी नांजिदो नावाचं बेट होतं. १९७८ ते १९९३ अख्ख्या शहराचा कचरा तिथं पडला आणि जवळपास शंभर मीटर उंचीचे दोन डोंगर उभे राहिले. नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोच्या आसपास राहणाऱ्याला ते वर्णन करून सांगावं लागणार नाही. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी त्याच डोंगरांवर बाग झाली. आम्ही तिथं शरदात गवताचे तुरे बघायला जायचो आणि पायाखाली काय आहे ते मुलीला मुद्दाम सांगायचो.

देश लहान, माणसं दाट, आणि जेवणात रस्से-सूप फार. म्हणून कचऱ्यातून पाणी झिरपायचं, वास सुटायचा, डेपोजवळचे लोक गाड्या अडवायचे. १९९५ ला पिशव्या आल्या. २००५ पासून अन्नाचा कचरा सरळ जमिनीत पुरायला बंदी झाली. त्यातून पिळून निघणारं पाणी समुद्रात सोडत असत, तेही २०१३ पासून बंद. त्याच वर्षी अन्नाच्या कचऱ्यालाही जेवढा कचरा तेवढे पैसे लागू झाले. १९९५ च्या सुमारास अन्नाच्या शंभर किलो कचऱ्यातले दोन-तीन किलो पुन्हा वापरात यायचे, आता पंचाण्णवच्या आसपास. त्यातही अडचणी निघतात. २०१९ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला तेव्हा डुकरांना खरकटं घालण्यावर निर्बंध आले.

प्रश्न: गणपती आणि महालक्ष्म्यांचं निर्माल्य कचऱ्याच्या पिशवीत टाकायचं?

हा प्रश्न मला फक्त बायका विचारतात, आणि हळू आवाजात विचारतात. नियम विचाराल तर फुलं-पानं अन्नात जात नाहीत, साध्या पिशवीत जातात. मन विचाराल तर माझं झालं नाही. इथं विसर्जनाला निर्माल्याचे कलश ठेवलेले असतात, तिथं कोण ठेवणार? मी खिडकीत दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या होत्या. हार सोडवायचा, दोरा आणि जरीची तार काढून टाकायची, पाकळ्या आणि दूर्वा मातीत दाबायच्या. हिवाळ्यात माती गोठते, तेव्हा कागदाच्या पाकिटात वाळवून ठेवायच्या. नदीत काहीही सोडू नका. श्रद्धा म्हणून सोडलं हे तिथं कोणाला समजावता येणार नाही.

नैवेद्याचं मात्र गणित आधीच करा. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी हे सगळं नेहमीच्या मापानं केलंत तर खाणारी माणसं चार आणि मशीनचा आकडा सात किलो, असा आमच्या पहिल्या वर्षीचा अनुभव आहे. पुढच्या वर्षी सोळाही भाज्या एकाच कढईत केल्या. देवी रागावल्याचं कळलं नाही.

प्रश्न: सिंकमध्ये दळून वाहून टाकणारं यंत्र बसवलं तर सुटका?

पूर्ण नाही. तिथं प्रमाणित यंत्रच चालतं, आणि त्यातही दळलेल्यातला ऐंशी टक्के घन भाग परत गोळा करून टाकावा लागतो. वीस टक्क्यांच्या आतच गटारात जायला हवा. भाड्याच्या घरात मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न: कोरियन येत नाही. कोणाला विचारू?

फोनचा कॅमेरा पत्रकावर धरला की भाषांतर दिसतं, चुकतमाकत का होईना. राहत्या भागातल्या जूमिन सेंटरमध्ये, म्हणजे वस्तीच्या सरकारी कार्यालयात, बहुतेकदा इंग्रजी पत्रक मिळतं. सोलमध्ये १२० हा नंबर फिरवला तर इंग्रजीत बोलणारं माणूस मिळू शकतं. आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई. त्यांना कोरियनशिवाय काही येत नाही, तरी तेवढं पुरतं.

प्रश्न: माझा मुलगा जर्मनीला चाललाय. त्यालाही हेच पाठ करायला लावू का?

अजिबात नको, उलटं होईल. जर्मनीत 'बिओटोन' म्हणून बहुधा तपकिरी पिंप असतो, २०१५ पासून जैविक कचरा वेगळा गोळा करणं तिथं कायद्यानं आलं. त्यात अंड्याची टरफलं, चहा, कॉफी, कांद्याची सालं खुशाल जातात, कारण त्याचं खत किंवा गॅस होतो, कोणी जनावराला घालत नाही. तिथं भांडण प्लास्टिकवरून होतं. 'विरघळणारी' असं छापलेली पिशवीही पुष्कळ शहरांत चालत नाही, कागदात गुंडाळा. कॅलिफोर्नियात २०२२ पासून नियम आहे, तिथं अन्न हिरव्या पिंपात जातं, हाडांसकट. इंग्लंडमध्ये घरोघरचा अन्नाचा कचरा दर आठवड्याला वेगळा उचलायची मुदत ३१ मार्च २०२६ ठरली. जपानच्या बहुतेक गावांत अन्न जाळायच्या कचऱ्यात जातं, फक्त पाणी पिळून काढा आणि पिशवीवर कावळ्यांसाठीची जाळी नीट ओढा.

म्हणून कुठल्याही देशात उतरल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: हे पुढे जातं कुठं? जनावराच्या पोटात, मातीत, गॅसच्या टाकीत, की भट्टीत? ते कळलं की तक्ता अर्धा आपोआप सुचतो.

प्रश्न: निघायच्या आधी नागपुरात काही तयारी?

आठवडाभर घरी दोनाचे तीन डबे करा: जनावर खाईल ते, खाणार नाही ते, आणि सुकं. आईला राग येईल, येऊ द्या. बॅगेत घट्ट झाकणाचा लहान स्टीलचा डबा आणि एक चाळणी टाका. चाळणी तिथंही मिळते, पण आपल्या हाताच्या सवयीची नसते.

प्रश्न: घर बदलताना उरलेल्या पिशव्या वाया जातात का?

नाही. नव्या गूमध्ये पत्ता नोंदवायला जाल तेव्हा जूमिन सेंटरमध्येच मागा, जुन्या पिशव्यांवर लावायचे स्टिकर देतात. मोजकेच देतात, म्हणून महिनाभर आधीपासून पिशव्यांचा साठा करू नका.

प्रश्न: परत आल्यावर सवय टिकते का?

नियमांची नाही टिकत, आणि टिकवायचीही गरज नाही. इथं चहाचा गाळ आणि अंड्याची टरफलं हिरव्या डब्यातच टाका. मी पहिले दोन महिने ती वेगळी ठेवत होते, तर गाडीवरचा पोरगा म्हणाला, "ताई, हे काहून अलग ठेवलं? ओलाच आहे ना." निथळण्याची सवय मात्र राहिली, डब्यातून पाणी गळत नाही. टरबुजाची सालं गल्लीतल्या गाईला जातात, चिरून.

या मे महिन्यात लागून सुट्ट्या आल्या आणि दोन दिवस गाडी नव्हती. घरात आमरस झालेला, सालांची पाटी भरलेली, बाहेर ऊन पंचेचाळीस. दुपारी बर्फ काढायला फ्रीजर उघडला तर खालच्या कप्प्यात माझा सोलचा स्टीलचा डबा, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं: 'सालं आहेत. शिजलेलं नाही.'